पहिल्या रांगेतले डबे

४ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पत्राची सुरुवात 'सप्रेम' अशी करायची, असं गावच्या शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं. मी तो शब्द लिहिला आणि खोडला. मनात नसताना कागदावर कशाला?

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. सोमवारी वर्कशॉप उघडायला गेलो तर तुमच्याकडची किल्ली दाराखालून आत सरकवलेली. तुमची खुर्ची टेबलाखाली नीट ढकललेली, जशी तुम्ही कधीही ढकलत नाही. आणि कॉम्प्युटरवर आपल्या स्प्रेच्या नॉझलचं एकही ड्रॉइंग नाही. चोर आला असता तर लेथवरची मोटर नेली असती. ड्रॉइंग कोण नेतो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

रागावलेला माणूस माहीत असलेलंच पुन्हा सांगतो, तसं सांगतो. घरात सुगंधाचा डबा फवारतात, त्यातला जवळजवळ अर्धा माल नुसता गॅस असतो. तोच आतून जोर लावतो, तोच थेंबांचं धुकं करतो, आणि मग घरातल्या आणि बाहेरच्या हवेत जाऊन बसतो. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "लोक रस्त्यावरच्या गाड्यांना शिव्या घालतात आणि घरी येऊन बटण दाबतात." गॅसऐवजी साधी दाबलेली हवा भरायची आणि धुकं करायचं काम नॉझलच्या पोटातल्या बारीक वळणांनी करायचं, ही कल्पना तुमची. ती वळणं पोलादात केसापेक्षा बारीक कोरणं माझं. हवेच्या डब्याची खोड एकच, डबा रिकामा होत आला की जोर ओसरतो आणि नॉझल थुंकायला लागतं. ती खोड आपण मोडली. माझ्या हातातला प्रत्येक डबा शेवटच्या थेंबापर्यंत धुकंच देतो. तुम्ही घरी नेलेले मात्र थुंकतात, असं तुम्ही तोंड पाडून सांगत होतात. एकाच खोक्यातले डबे, एकच नॉझल, आणि फक्त तुमच्याच घरी थुंकतात?

महिनाअखेरीला कंपनीकडून शेवटचं उत्तर यायचं आहे. त्यांच्या सगळ्या सुगंधी डब्यांवर आपलं नॉझल बसणार, किंवा आपण पुन्हा बाटल्यांची झाकणं करत बसणार. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी तुम्ही हीच वेळ निवडली.

ड्रॉइंग कुणाला दिलंत, एवढंच कळवा.

तुमचा साडू (हे नातं बायकांनी जोडलं आहे, म्हणून खोडता येत नाही)


११ फेब्रुवारी

साडूभाऊ,

उत्तर नाही. ठीक. माझ्याकडे आता बरंच काही जमलं आहे.

पहिलं. तुमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोनं, तुम्हाला बसमधून पाहिलं. नदीपलीकडच्या त्या मोठ्या स्प्रेच्या कारखान्याच्या फाटकाशी. इस्त्रीचा शर्ट घालून, हातात फाइल घेऊन. आपल्या वर्कशॉपमध्ये तुम्ही तीन वर्षं एकच निळा शर्ट घातलात. इस्त्री कुणासाठी?

दुसरं. कोपऱ्यावरच्या दुकानात नवा डबा आला आहे. पांढरं बटण, आणि बटणाच्या तोंडाशी आपल्यासारखीच बारीक टिकली. मी तो आणला, बटण करवतीनं उभं कापलं आणि भिंगाखाली धरलं. आत काय दिसलं ते आत्ता लिहीत नाही. तुम्ही समजून घ्या.

तिसरं, आणि हे लिहिताना लाज वाटते. या दोघी बहिणी फोनवर बोलतात तेव्हा मी दाराआड उभा राहतो. काल ही धाकटीशी बोलत होती. मध्येच आवाज बारीक केला, "हो… नाही, त्यांना नाही सांगितलं." फोन ठेवून ही बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, चोरून ऐकायचं तर चपला तरी काढत जा. फटीतून दोन अंगठे दिसतात."

"काय नाही सांगितलं मला?"

"तिच्या जावेच्या गुडघ्याचं ऑपरेशन."

खरं असेलही. पण जावेच्या गुडघ्यासाठी कुणी आवाज बारीक करतं का?

साडूभाऊ, माझं घर बघा काय झालंय. जिच्या हातचं वीस वर्षं निर्धास्त खातो आहे, तिच्याकडे मी चोर म्हणून बघतो. सकाळी देवापुढे डोळे मिटले तरी समोर तुमचा इस्त्रीचा शर्ट येतो. जपाची माळ ओढतो आणि मनात ड्रॉइंगच्या किमती येतात. हे पाप कुणाच्या खात्यावर लिहायचं?

कुठेतरी पाणी मुरतंय. कुठे ते मला कळेलच.


१६ फेब्रुवारी

आज मायना नाही.

काल ही धाकटीकडे जाऊन आली. येऊन जेवायला वाढलं, पण माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणे, "काही नाही." काही नाही म्हणताना हिनं पातेल्याचं झाकण असं आपटलं की शेजारची दारात आली.

शेवटी बोलली. धाकटी रडत होती म्हणे. तिच्या तोंडून निघून गेलं, "ताई, आमचे म्हणतात, भाऊजी सकाळी देवापुढे दिवा लावतात आणि दुपारी डब्यात गॅस भरतात."

मी ताट बाजूला सारलं.

म्हणजे तुम्हाला असं वाटतं! माझे डबे थुंकत नाहीत, कारण मी त्यात चोरून गॅस घालतो. म्हणून ड्रॉइंग काढून नेलंत. "माझ्या रेघांवर कुणी खोटं उभं करायला नको," असं धाकटीला म्हणालात. आणि त्या कारखान्यात ड्रॉइंग विकायला नव्हे, नोकरी मागायला गेला होतात. त्यांनी दुपारपर्यंत फाटकावर बसवून ठेवलं आणि परत पाठवलं. हेही धाकटीनंच सांगितलं.

आता ऐका. पांढऱ्या बटणाच्या आत काहीच नव्हतं. साधं सरळ भोक. आपल्या कामाशी त्याचा काही संबंध नाही. हे मला त्याच दिवशी दिसलं होतं आणि मी मुद्दाम लिहिलं नाही, कारण तुम्हाला घाम फुटावा अशी इच्छा होती. तुम्ही चोर नाही, हे मला मान्य करावं लागतं आहे. पण जो माणूस शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याबद्दल असं मनात धरतो, माझ्याच डब्यातली भाजी खातो, आणि एका शब्दानं विचारत नाही, त्याला काय म्हणावं?

विचारायचं होतंत. "भरता का हो गॅस?" एवढंच. मी कानाखाली वाजवली असती आणि विषय संपला असता.

उद्या मी हिच्यासमोर, भर उजेडात, डबे रिकामे करून दाखवणार आहे. धाकटीला ही काय ते सांगेल.


१७ फेब्रुवारी

साडूभाऊ,

कसं लिहू कळत नाही.

सकाळी हिला वर्कशॉपमध्ये नेलं. खिडकीशी काळी काच उभी केली, तिच्यावर थेंब दिसतात म्हणून. माझा एक डबा हिच्या हातात दिला आणि म्हटलं, "दाब. संपेपर्यंत सोडू नकोस. बघ थुंकतो का." ही दाबत राहिली. काचेवर नुसतं धुकं. माझी छाती फुगली. तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, हा गारठलाय. बोटं बधिर झाली माझी."

मी हात लावला. डबा गार. खाली पाणी सुटलेलं.

तुम्हाला समजावायला नको. हवेच्या डब्याला असं गारठायचं काही कारण नाही. आतला पातळ गॅस उकळून बाहेर पडतो, तेव्हाच डबा असा गारठतो. एवढी वर्षं या धंद्यात आहे आणि माझ्या हाताला हे कधी कळलं नाही, कारण मी कधी एक डबा सलग मारलाच नाही. थोडं मारायचं, काच बघायची, पुसायची, पुन्हा मारायचं. माझी पद्धत. तुम्ही मोरीत उभे राहून एका दमात संपवायचात, आणि धाकटी ओरडायची की टाइल निसरड्या होतात.

मग मी खोक्याच्या मागच्या बाजूचा एक घेतला. तो सलग मारला. गारठला नाही. अर्ध्यापर्यंत धुकं, मग जाड थेंब, मग सरळ थुंकला. माझ्या चष्म्यावर.

ही म्हणाली, "म्हणजे धाकटीचा नवरा खरं बोलत होता."

"माझ्या डब्यात गॅस आहे. पण मी घातलेला नाही."

"मग कुणी?"

खरं सांगतो, माझ्या मनात पहिलं नाव तुमचंच आलं. मला खोटं पाडायला तुम्हीच घातला असेल. दुसरं नाव हिचं आलं, कारण वर्कशॉपची एक किल्ली हिच्याकडे असते. हिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, पदरानं बोटं पुसली आणि म्हणाली, "माझ्यावर पण? बघा हं. मग स्वयंपाकघरात दाखवते गॅस कसा असतो."

ती घरी गेली. मी त्या दोन डब्यांसमोर बसून राहिलो. एक देव तेवढा उरला होता ज्याच्यावर संशय घेतला नव्हता. आणि तिथेच, कोपऱ्यातल्या देवाच्या फळीकडे बघताना, डोक्यात काहीतरी हललं. उद्या आपले डबे भरून देणाऱ्या भरणीवाल्याकडे जातो.


२१ फेब्रुवारी

साडूभाऊ,

भरणीवाल्याकडे जाऊन आलो. तोच, ज्याला तुम्ही 'फुगा' म्हणता. मी आधी उभ्याउभ्या त्याच्यावर तोफ डागली. तो शांतपणे चहा पीत होता.

"काका, मी कशाला गॅस घालू? फुकट मिळतो काय मला?"

"मग डब्यात आला कुठून?"

"कुठल्या डब्यात?"

"पहिल्या रांगेतल्या."

तो हसला. असा हसला की पोट टेबलाला लागलं. "अहो, तुमचा माल लावायच्या आधी लाइनवर डासांचा स्प्रे चालू असतो. नळीत थोडा गॅस राहतोच. तुमची हवा सोडली की तो पुढे ढकलला जातो, पहिल्या आठ-दहा डब्यांत उतरतो. मग लाइन स्वच्छ. सगळ्यांना माहीत आहे. पहिले डबे कुणी तपासायला घेतच नाही, बाजूला काढतात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि मला काय ठाऊक तुम्ही नेमके पहिलेच घेता."

मी नेमके पहिलेच घेत होतो. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं जे येईल ते देवाचं. खोकं उघडलं की पुढची रांग कोपऱ्यातल्या फळीवर ठेवायची, हात जोडायचे आणि तपासणीला तेच डबे घ्यायचे. माझी भावना अशी की ज्यावर देवाची नजर पडली, त्यात खोट राहणार नाही. मागच्या रांगा तुम्ही पिशवीत घालून घरी न्यायचात. फुगा डबे भरतील त्याच क्रमानं खोक्यात लावतो. दर खेपेला गॅसचे डबे माझ्या वाट्याला आले आणि हवेचे तुमच्या. आपण दोघंही आपापल्या डोळ्यांनी खरं तेच पाहत होतो. आणि दोघंही समोरच्याला लबाड म्हणत होतो.

परत येताना देवळाच्या पायरीवर बसलो. देवावर रागावण्यात अर्थ नव्हता. त्यानं काही मला पहिले डबे तपास असं सांगितलं नव्हतं. हात जोडणं वेगळं आणि तपासणं वेगळं, ही अक्कल त्यानं मला दिली होती. मी ती वापरली नाही.

साडूभाऊ, कंपनीला नमुने पाठवले तेही पुढच्याच रांगेतले. चांगलं ते द्यावं म्हणून. त्यांनी होकार देतो म्हणून जे सांगितलं आहे, ते त्या डब्यांवर.


२७ फेब्रुवारी

साडूभाऊ,

हे तोंडी सांगायचं होतं, पण तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहितो.

आज कंपनीत गेलो. टायवाले साहेब खुशीत होते. टेबलावर आपला डबा, आणि त्याच्यावर चिकटवायचा छापील कागद तयार. निळं आकाश, हिरवं पान, 'फक्त हवेवर चालतो'. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं. नमुन्यांत गॅस आहे, नळीतला उरलेला. खरा हवेचा डबा अर्ध्यानंतर थुंकतो. नॉझल अजून पुरं झालेलं नाही.

मला वाटलं ते चिडतील. ते उठले, दार लावलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"काका, किती गॅस आहे?"

"थोडाच."

"मग असू दे की! थोडा गॅस, बाकी हवा. धुकं झकास आहे. लोकांना काय, बटण दाबल्यावर वास आला पाहिजे."

"पण कागदावर 'फक्त हवेवर' लिहिलंय."

"कागद आमचा आहे. तुम्ही नॉझल द्या." मग हळूच, "तुमचे ते पार्टनर आहेत ना, ड्रॉइंगवाले. ते कुठे बोलणार नाहीत ना?"

खोटं का सांगू, मोह झाला. झाकणांची मशीन डोळ्यापुढे आली. तिचा दिवसभराचा खटखटाट कानात आला. हो म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तुम्ही तर मला आधीच तसा समजत होतात, म्हणजे नाव जायचं ते गेलेलंच होतं. नुसतं खरं करून दाखवायचं होतं.

मी म्हटलं, "तो बोलणार नाही. तो बोलतच नाही, हीच तर पंचाईत आहे. पण मी बोलेन."

साहेबांनी टाय सैल केला. "काका, हात दाखवून अवलक्षण करून घेताय."

"आमच्या घरी ती रीतच आहे," मी म्हटलं, आणि उरलेले नमुने पिशवीत भरले. त्यांनी अडवलं नाही. फाटकावरच्या माणसानं पिशवी तपासली. आपलेच डबे परत नेतो आहे, हे त्याला पटवायला वेळ लागला. संशय हा आता माझ्या सोबतच चालतो.

होकार गेला. घरी येऊन हिला सांगितलं. हिनं पान वाढलं, आणि आज झाकण आपटलं नाही.

आता तुमच्याशी. मी तुम्हाला चोर म्हटलं, ते मागे घेतो. तुम्ही मला लबाड म्हटलंत. ते तुम्ही मागे घ्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुमच्याकडे पुरावा होता, हे मी कबूल करतो. माझ्याकडे तर फक्त इस्त्रीचा शर्ट होता. पण मागच्या रांगेचा डबा मी आता रोज सलग मारून बघतो आहे. अर्ध्यापर्यंत तो खरंच धुकं देतो, गॅसच्या एका थेंबाशिवाय. ते अर्धं आपलं खरं आहे. कुणाच्या नळीतून उतरलेलं नाही. पुढचं अर्धं तुमच्या वळणात अडलंय की माझ्या पोलादात, ते मला एकट्याला सांगता येत नाही. मला विचाराल तर वळणात आहे. तुम्ही अर्थातच पोलादात म्हणाल.


२ मार्च

साडूभाऊ,

काल सकाळी हिचा फोन वाजला. ही पीठ मळत होती, म्हणून मी उचलला. पलीकडे तुम्ही होतात. तुम्हाला वाटलं ताई आहेत. मी 'हॅलो' म्हटल्यावर तुम्हाला चूक कळली.

मग तुम्ही म्हणालात, "कडा घासू नका."

"काय?"

"आतल्या वळणाच्या कडा. तुम्ही पॉलिश करून गुळगुळीत करता. धारदार ठेवायच्या असतात. मी ड्रॉइंगवर तसं लिहिलं होतं, तुम्ही वाचलं नाही. रविवारी येतो. तोवर हात लावू नका."

आणि फोन ठेवलात. कसे आहात नाही, माफ करा नाही, झालं गेलं विसरू या नाही. हिनं पिठाच्या हातानं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "मलाच दोष देतोय." तर ही हसली आणि लगेच धाकटीला फोन लावायला धावली. या वेळी मी दाराआड गेलो नाही. समोरच बसून ऐकलं. सगळा गुडघाच होता.

कडा मी पाहिल्या. तुम्ही म्हणता त्यात तथ्य असेल, नसेलही. ड्रॉइंगवर तसं लिहिलेलं मला आठवत नाही, आणि ड्रॉइंग तुमच्याकडे असल्यामुळे पडताळताही येत नाही. म्हणजे तुम्ही ते आत्ताच लिहूनही आणाल. बघा, खोड जात नाही माझी. इतक्यात जाईल असं वाटतही नाही. तुमचीही जाणार नाही. माझ्या प्रत्येक डब्याला तुम्ही आता हात लावून बघाल, आणि मी तुमच्या प्रत्येक रेघेला. बघू देत. विचारून बघितलं म्हणजे झालं.

झाकणांचं काम पुन्हा सुरू केलं आहे. दुपारनंतर मशीन मोकळी असते. कोरायची नवी पिन बसवून ठेवतो, पण कोरणार नाही.

रविवारी येताना मनात जे काही माझ्याविषयी उरलं असेल, ते सगळं घेऊन या. सगळं भांडण इथे, समोरासमोर करू. पत्रात मला दोघांच्याही बाजूनं एकट्यालाच भांडावं लागतं, आणि तुमची बाजू मला नीट जमत नाही.

तुमचा,
साडू